सातव्या पुस्तकाची सोयरीक

आमच्या प्रकाशा गावच्या वाचनालयातून पुस्तक घरी आणायचं तर आधी ते सांभाळणारे दगडूनाना तुमचं घर बघायला यायचे.

मी नाशकाकडून बदली होऊन तिथल्या शाळेत नवीनच रुजू झालो होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पहिल्याच रविवारी मी वाचनालयात नाव नोंदवलं आणि एक जाडसर प्रवासवर्णन मागितलं. नानांनी मला चपलेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "मी सांजले येस. पह्यले घर दखसू."

मला वाटलं, थट्टा. पण संध्याकाळी स्वारी दारात हजर! चहा नको, पाणी नको. सरळ आत. "पुस्तक कोठे ठेवशात? फळीवर? वरतून पानी पडस का? उंदीर शेतस?" मग आमच्या मंडळींकडे वळून, "लोनचाना हात पुसाले येगळं फडकं शे ना, ताई?"

बायको फणकारली. "अहो, पुस्तक द्यायचंय की मुलगी?"

"दोन्ही एकच, ताई," नाना शांतपणे म्हणाले. "एक डाव दारबाहेर गयी, मंग आपला हातमा काय ऱ्हास?"

माझी फळी नापास झाली. चक्क दोन कौलं बदलून घेतली, तेव्हा कुठं ते प्रवासवर्णन माझ्या घरी नांदायला आलं. परत नेलं तर नानांनी ते हुंगलं, पानं चाळली आणि पुस्तकालाच विचारलं, "काय वं, त्रास दिन्हा का मास्तरनी?" सगळ्यांसमोर! मला असा राग आला म्हणून सांगू!

पण रविवार चुकवायची माझी छाती नव्हती. नंदुरबारच्या एका मोठ्या वाचनालयातून दर पंधरवड्याला सात पुस्तकांचं गाठोडं यायचं. तिकडून बैलगाडीनं तापीपर्यंत, मग नावेतून अलीकडे. दुपारी आम्ही दहाबारा वाचणारे सतरंजीवर जमायचो, नाना गाठ सोडायचे आणि एकेक पुस्तक पुढं करायचे, जणू पोर दाखवायला आणलीय. "हाई मोठा घरनी शे. अंगवर दागिना भलता, पन कामले हात लावस नही." म्हणजे भाषा अलंकारिक. "हाई दिसाले साधी, पन गुननी शे." आम्ही पोट धरून हसायचो.

खरी मजा यायची ती दुसऱ्या रविवारी. त्यातलं एक पुस्तक तोवर नानांनी वाचून काढलंय, असं आम्ही समजायचो आणि ते त्याच्याबद्दल असं काही सांगायचे की आम्ही चाट! एका कादंबरीबद्दल म्हणाले, "हाई नायिका सोळा पानं रडस, पन चूल पेटाडाले कोन्ही उठस नही. लिखणाराना घरमा सैपाक कोन करस?" पुन्हा ती कादंबरी गंभीर चेहऱ्यानं वाचणं मला जमलं नाही. आम्ही सगळे नानांच्या शब्दावरच पुस्तकं निवडायचो.

आता माझी शंका. नाना वाचायचे ओळीखाली बोट धरून, दिवसाला चार पानं. आठवड्यात अख्खी कादंबरी संपवून वर ही असली टीका? आणि गाठोड्यातलं सातवं पुस्तक पहिल्या रविवारी ते कुणालाच का देत नाहीत? मागितलं की ठरलेलं उत्तर, "हिनी सोयरीक ठरेल शे." कुणाशी, ते सांगत नसत. मला तर चैन पडेना.

एका सोमवारी मी कचेरीच्या कामासाठी नंदुरबारला निघालो. नावेत सखू कासारीण होती, बांगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. नाव हिंदकळली, गाठोडं सुटलं आणि हिरव्या बांगड्यांतून कालचं सातवं पुस्तक बाहेर आलं.

सखूनं मला आईची शपथ घातली, मगच सांगितलं. नानांची एकुलती एक मुलगी जनी नदीपलीकडे कोरीटला दिलेली. आईवेगळी पोर, नानांनी स्वतः अक्षरं शिकवलेली. सासूला सुनेच्या हातात पुस्तक खपत नव्हतं. पण कासारणीला कोण अडवणार? सखू बांगड्या भरताना जनीचा हात हातात घेऊन बसायची. पुस्तक जनीच्या चोळ्यांच्या बोचक्यात जायचं, वाचलेल्या पुस्तकाबद्दल जनी हळूच काय ते सांगायची आणि सखू ते घोकत घोकत नानांपर्यंत आणायची. "मले काय समजस? मी नुसता निरोप पोचाडस," सखू म्हणाली.

मी ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितली नाही.

आणि चैत्रात घोटाळा झाला. सातवं पुस्तक परत आलं नाही. सखूकडून कळलं, सासूला ते सापडलं होतं. तिनं ते ज्वारीच्या कोठीत कोंडलं, सखूला दारबंदी केली आणि सुनेला सांगितलं, औंदा आखाजीला माहेर नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशातली प्रत्येक सासुरवाशीण माहेरी येते. गेल्या दोन वर्षी नाना स्वतः आणायला गेले होते आणि दोन्ही वेळा काही ना काही निमित्त ऐकून एकटे परतले होते.

इकडे वाचनालयाचे अध्यक्ष मोतीभाई पटेल. मोठे गुजर बागायतदार, नियमाला कडक. पुस्तक गावाबाहेर गेलं तर नंदुरबारचं गाठोडं बंद, असा करारच होता. त्यांनी सभा बोलावली.

"नाना, पुस्तक कोठे शे?"

"ठाऊक शे. पन सांगाव नही."

सांगितलं असतं तर गावभर झालं असतं आणि कोरीटला पोचायला कितीसा वेळ? मग पोरीला उभ्या जन्मात पुस्तक दिसलं नसतं.

"मंग चावी ठेवा."

नाना कंबरेची चावी सोडू लागले. गाठ कशीबशी सुटली, चावी त्यांनी सतरंजीवर ठेवली. मला बघवेना. गेली शपथ खड्ड्यात! मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं.

मोतीभाईंनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हंजे ते 'चूल पेटाडाले कोन्ही उठस नही', ते...?"

"जनीनं," नाना खाली बघत म्हणाले.

"नि जे मी तुम्हना सांगावर दोन डाव वाचं, ते?"

"तेबी तिनंच."

देवळाचे गुरव आधी हसले, मग सगळेच. आम्ही मिशीवाले दोन वर्षं कोरीटच्या एका सुनेच्या शब्दावर पुस्तकं निवडत होतो! मोतीभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी चावी नानांच्या पुढ्यात सरकवली. "आखाजीले पोरले आनाले मुऱ्हाळी कोन जाई? भाऊ शे का तिले?"

"नही."

"मी जास."

मोतीभाई पटेल दमणी जुंपून दारात उभे राहिल्यावर नाही म्हणायची कोरीटची काय बिशाद! त्यांनी जनीला आठ दिवसांसाठी आणलं आणि कोठीतलं पुस्तकही. त्याच्या शिवणीत ज्वारीचे दाणे अडकले होते.

आखाजीच्या आदल्या रविवारी नवीन गाठोडं आलं. नानांनी पुस्तकं पुढं केली, पण आवाजात जीव नव्हता. जनीसाठी सगळी सात मागायची त्यांची इच्छा आम्हाला दिसत होती. मागणार नव्हते, हेही ठाऊक होतं.

"मन्हा डोया दुखतस," मोतीभाई आधी म्हणाले. "या डाव नको." गुरवांना अचानक देवळाची रंगरंगोटी आठवली. मी म्हणालो, परीक्षेचे पेपर तपासायचेत. परीक्षा होऊन महिना झाला होता. एकानंही पुस्तक उचललं नाही. नाना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले, मग गाठोडं बांधून घरी गेले.

आखाजीच्या दुपारी निंबाखाली झोके बांधले होते. माहेरवाशिणी गाणी म्हणत फांदीपर्यंत उडत होत्या. एक झोका तेवढा जागच्या जागी. त्यावर जनी पुस्तकात डोकं घालून बसलेली आणि मागं नाना, दोन्ही दोर घट्ट धरून उभे.

"अहो नाना, झोका द्या की पोरीला!"

"झोका हालस तं अक्षरं हालतस, मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आठ दिवस शेतस, नि पुस्तकं सात."