चार पॉइंट आठ व्होल्ट

भिकाजी पालशेतकर अंघोळ करून, रेशमी कद नेसून पुन्हा बाथरूममध्ये शिरले आणि त्यांनी आतून कडी घातली, तेव्हा बाहेरच्या खोलीत रामकृष्ण भटजी चौरंगाला केळीचे खांब बांधत होते. भटजी एरवी एका टायर कंपनीचं स्टोअर सांभाळत आणि शुक्रवारी, आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, दार्सैत-रुवीकडच्या मराठी घरांत पूजा सांगत. सोवळ्यात बाथरूममध्ये जाऊ नये हे भिकाजींना कळत नव्हतं असं नाही. पण आता दीड तास पाटावरून हलता येणार नव्हतं, आणि दीड तास म्हणजे काही थोडा वेळ नव्हे.

पूजा होती त्यांनी सिगारेट सोडल्याबद्दल. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या छातीत कळ आली, हॉस्पिटलात स्टेंट बसला आणि बाहेरच्या बाकावर बसून जयवंतीबाईंनी नवस बोलला की ह्यांनी वर्षभर तंबाखूचा अंश पोटात घेतला नाही, तर सत्यनारायण घालीन. भिकाजींनी त्याच दिवशी सिगारेटचं पाकीट टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं. आठवड्याभराने त्यांनी इलेक्ट्रॉनिक सिगारेट धरली, तीही खरीच. तिला इथे बंदी आहे, दुकानात मिळत नाही. त्यांच्याच कंपनीत ड्रायव्हर असलेला दाभोळचा मुस्तफा दुबईच्या फेरीत तिच्यात भरायच्या द्रवाची बाटली घेऊन यायचा. सिगारेट सोडली म्हणजे सोडली, ही बॅटरीवरची वस्तू आहे, असं भिकाजी स्वतःला सांगत. स्वतः इलेक्ट्रिकल फोरमन असल्यामुळे त्यांना ते पटतही असे. फेब्रुवारीत वर्ष भरलं तेव्हा मात्र त्यांनी धसका घेतला होता. पण जयवंतीबाई म्हणाल्या, "घाई नको. मे महिन्यात करू." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि भिकाजींनी विचारलं नाही. चोराने तारीख विचारू नये.

बऱ्याच महिन्यांपासून त्या बाटलीत पूर्वीचा जोर राहिला नव्हता. मुस्तफा कहवा फ्लेवर आणायचा, वेलचीचा वास तेवढा झकास यायचा, पण डोक्याला काही लागायचं नाही. दुबईचा मालही आता बनावट यायला लागला, असं म्हणून भिकाजी व्होल्टेज चढवत गेले. तीन पॉइंट सहावरून चार, चारवरून चार पॉइंट आठ. द्रव तापवणारी कॉइल दोन पॉइंट चार ओहमची होती, तिने ते सोसलं. काल ती संपली. जुन्या नंबरची मिळाली नाही म्हणून मुस्तफाने नवी आणली आणि भिकाजींनी ती आत्ता, घाईघाईत, चष्म्याशिवाय बसवली.

बटण दाबलं आणि घशात विस्तव उतरला. आतला कापूस चर्र करून जळला. भिकाजींना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच त्यांनी कॉइलच्या कडेवरचा बारीक आकडा वाचला. शून्य पॉइंट आठ. व्होल्ट तेच, ओहम एक तृतीयांश, म्हणजे पॉवर तिप्पट. 'आधी ओहम बघ, मग व्होल्ट दे,' हे वाक्य त्यांनी बावीस वर्षांत निदान शंभर हेल्परांना ऐकवलं होतं. एकाला तर त्यावरून माबेलाच्या साइटवरून घरी पाठवलं होतं.

त्यांनी एक्झॉस्ट फॅन लावला, ते यंत्र कदाच्या निऱ्यांत कमरेला खोचलं आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर आले.

त्या इमारतीत बाथरूमचा पंखा आणि स्वयंपाकघराची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडतात. ही गोष्ट इतर कोणी विसरलं असतं तर भिकाजींनी त्याला फैलावर घेतलं असतं.

"अगं बाई!" स्वयंपाकघरातून जयवंतीबाईंचा आवाज आला. "शिरा लागला!"

सव्वा किलो रव्याचा प्रसाद. त्यांनी झाकण किलकिलं केलं, वेलची आणि जळक्याचा वास आला, आणि आत बघायची त्यांची हिंमत झाली नाही. जळका प्रसाद देवापुढे ठेवायचा नाही म्हणजे नाही. एवढ्यात मुस्तफा नारळाची पिशवी घेऊन दारात आला, त्याच्याच हातात त्यांनी पातेलं दिलं.

"मुस्तफाभाई, हे खाली मांजरांना घाला. माझ्याच्याने बघवत नाही."

"वहिनी, पन झाला काय?"

"नशीब माझं," जयवंतीबाई म्हणाल्या आणि दुसरा रवा भाजायला घेतला.

वास काही जाईना. अकरावीतली ज्ञानदा हुंगत फिरली. "बाबा, इट्स नॉट द किचन. म्हणजे... वास भिंतीमधून येतोय."

"वायरिंग!" भटजी दचकून उठले. "भिकाजीराव, घरचाच इलेक्ट्रिशियन असून बसलात काय? बघा!"

भिकाजींना बघावंच लागलं. स्वतः केलेला फॉल्ट सगळ्यांदेखत शोधायचा आणि सापडू मात्र द्यायचा नाही, असलं काम त्यांना आजवर पडलं नव्हतं. त्यांनी मेन स्विच पाडला. एसी बंद झाले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होती आणि भटजींच्या अंगावरून घाम असा निथळू लागला की कलशातलं पाणी कमी पडलं असतं तरी चाललं असतं. एक्झॉस्ट थांबल्यामुळे डक्टमध्ये होता नव्हता तेवढा वास परत घरात आला. भिकाजी स्टुलावर चढले, कमरेला जपत भिंतीवरच्या डीबीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि एकेक एमसीबी हलवून पाहू लागले.

"कुठंतरी लूज कनेक्शन असणार," ते म्हणाले. "लोड मॅच केलेला नसला की असं होतं. लोक बघत नाहीत."

तेवढ्यात मुस्तफा पातेलं घेऊन परत वर आला. पातेल्यात एका बाजूला चांगलाच खड्डा पडला होता.

"वहिनी, ह्यो शिरा जळलेला नाय वो. मी खाल्लाय ना. फस्क्लास झालाय."

जयवंतीबाई कालथा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पातेल्यात पाहिलं. शिरा पिवळाधमक होता, खालपासून वरपर्यंत. वरचे बेदाणेसुद्धा फुगलेले होते. त्या चौरंगासमोर तशाच उभ्या राहिल्या.

"शिरा जळला नाही, वायर जळली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मग देवालाच मान्य नसेल. माझ्याच नवसात काही खोट राहिली असेल. राहू दे, भटजी. नका घालू आज."

आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. स्टेंटच्या वेळी रात्रभर कोरडे राहिलेले ते डोळे होते. आता यापुढे गप्प राहिलो तर आपल्यासारखे नालायक आपणच, असं भिकाजींना वाटलं, आणि ते सांगण्यासाठी स्टुलावरूनच खाली वाकले.

"अगं, तुझ्या नवसात नाही, माझ्या—"

वाकताना निऱ्या आवळल्या आणि बटण दाबलं गेलं. चार पॉइंट आठ व्होल्ट, शून्य पॉइंट आठ ओहम. भिकाजींच्या कमरेतून दाट पांढरा धूर निघाला आणि वेलचीच्या वासासकट छताकडे गेला. ते ओरडले, स्टुलावरून उतरले की पडले ते कोणी नीट पाहिलं नाही, आणि निऱ्यांतून काढलेली ती वस्तू चटका बसत असल्यामुळे या हातातून त्या हातात घेत जमिनीवर बसले.

"फॉल्ट सापडला," रामकृष्ण भटजी म्हणाले.

मुस्तफाने छताकडे पाहिलं. "खलास," तो पुटपुटला.

भिकाजींनी सगळं सांगितलं. आठवड्याभरात कसं धरलं, कुठे लपवलं, कॉइल न बघता कशी बसवली. शेवटी ते म्हणाले, "देवापुढे खोटं वर्ष मोजायला बसलो होतो. तुझा नवस सगळा वाया गेला, जयवंती."

जयवंतीबाईंनी ते यंत्र त्यांच्या हातातून घेतलं, पदरात धरून उलटंपालटं केलं.

"कामावरच्या मीटरच्या पाऊचमध्ये ठेवत होतात ना? मला मागच्याच मेमध्ये सापडलं. ज्ञानदाने बाटलीवरचं वाचून दाखवलं, ह्यात तंबाखूचं विष असतं म्हणून. तेव्हापासून मुस्तफाभाईंची बाटली आली की मी बेसिनात ओतते. फार्मसीतलं ग्लिसरीन आणि वेलचीचं पाणी भरून ठेवते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. पहिले पंधरा दिवस तुम्ही घरात वाघासारखे फिरत होतात. मला वाटलं, कळलं तुम्हाला. मग तुम्ही म्हणालात, उकाडा फार आहे."

किक का येत नव्हती, व्होल्टेज का चढवावं लागलं, आणि पूजा मे महिन्यातच का, याच्या तारा भिकाजींच्या डोक्यात एकेक करून जोडल्या जात होत्या. वर्षभर ते लपूनछपून, दारं लावून, जिवाला खात, वेलचीचं पाणी ओढत होते.

"वहिनी," मुस्तफा कळवळून म्हणाला, "दर फेरीला बॉर्डरवर माजा जीव मुठीत असायचा. बेसिनात?"

"तुमचं नंतर बघते मी," जयवंतीबाई म्हणाल्या. मुस्तफाने शिऱ्याचं पातेलं दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

तेवढ्यात पुन्हा जळका वास आला. सगळ्यांनी भिकाजींकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले.

"आई!" ज्ञानदा ओरडली. "तो दुसरा शिरा!"

गॅसवर विसरलेला रवा कोळशासारखा झाला होता. या वेळी शंकेला जागा नव्हती. घरात आता दोन शिरे होते, एक उष्टा आणि एक जळका, आणि देवापुढे ठेवता येईल असा एकही नव्हता. भटजींनी उपरण्याने कपाळ पुसलं. केळी आणि गूळ देवाला चालतो, असा त्यांनी निर्वाळा दिला. भिकाजींनी मेन लावला. एसी सुरू झाले. ते हातपाय धुऊन, कद झटकून पाटावर येऊन बसले, आणि शेजारी जयवंतीबाईंनी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांची बोटं थंड होती, भिकाजींची अजून चुरचुरत होती.

भटजींनी पळीत पाणी घेतलं आणि थांबले. "यजमान, संकल्पात काय म्हणू? वर्ष पुरं झालं म्हणू, की आजपासून धरू?"

भिकाजींनी मान खाली घातली.

"पुरं झालं म्हणा," जयवंतीबाई म्हणाल्या. "आजच झालं. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय."