सूत न तोडणारी लच्चव्वा

लच्चव्वाला चालता येत नसे. पाय उत्तम होते. इतके उत्तम की चालण्यासारख्या फुटकळ कामाला ते तयारच होत नसत. शाळा सुटली की आम्ही मुली दप्तरं सावरत, वेण्या मागे टाकत फाटकाकडे निघायचो. तोवर लच्चव्वा फाटकाला हात लावून परत आमच्यापर्यंत आलेली असायची. हो, परत. हा तिचा दुसरा चमत्कार. कुठंही पोचली की ती गर्रकन वळायची आणि आली तशी माघारी सुटायची. वाण्याकडे गुळाला पाठवली तर दुकानाच्या पायरीला पाय लावून रिकाम्या हातानं घरी यायची, मग कपाळावर हात मारून "ऐपाये!" म्हणत पुन्हा धूम ठोकायची. 'ऐपाये' म्हणजे तेलुगूत झालं, संपलं. गणित चुकलं, दूध उतू गेलं, शेजारची म्हातारी वारली, सगळ्याला तिला हा एकच शब्द पुरायचा.

ही गोष्ट लढाईच्या वर्षांतली. नगरच्या किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडलेले, रस्त्यावर गोऱ्या सोल्जरांच्या लॉऱ्या, आणि रॉकेलपासून सुतापर्यंत सगळं कंट्रोलवर. मी चौदा वर्षांची होते. वजन विचारू नका. वडील कलेक्टर कचेरीत कारकून, त्यामुळे जिल्हा आमच्याच घरून चालतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. नेवासा आणि कर्जत हे तालुके मला आमच्या माजघरातल्या दोन कोनाड्यांइतके परिचयाचे वाटत. पाहिला मात्र एकही नव्हता.

लच्चव्वाचं घर तोफखाना नावाच्या पेठेत. तिचे लोक विणकर. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पोटासाठी नगरला आलेले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. शाळेच्या पटावर ती लक्ष्मी होती, पण त्या नावानं हाक मारली तर तिच्या लक्षातच यायचं नाही. मला ती 'ए पिल्ला' म्हणायची. पिल्ला म्हणजे पोरी. माझ्यासारख्या कचेरीच्या मालकिणीला असं कोणी म्हणावं याचं मला फार वाईट वाटे, पण तिला रागवायला ती जागेवर सापडली तर पाहिजे.

आमच्या ड्रिलच्या बाई बर्वेबाई. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा की कॅम्पातले सोल्जरही सावधान होतील. त्यांनी एका सकाळी जाहीर केलं, "जिल्ह्याच्या खेळांत शंभर यार्डात जी पहिली येईल तिला मी पुण्याच्या सामन्यांना नेणार."

लच्चव्वा एकदम उभी राहिली. "बाई, पुन्याला? आगगाडीनं? खरं?"

"खोटं कशाला सांगू?"

मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, "पिल्ला, मला पुन्याला जायाचं हाय."

"मग पळ की."

"न्हाई, जायाचंच हाय," ती म्हणाली. इतकं हळू मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मला वाटलं, हिला कप हवा. मला जे हवं ते सगळ्या जगाला हवं, असं वाटण्याचं ते वय. मी ताबडतोब स्वतःला तिची मॅनेजर नेमली. पगार नाही, पण सूचना भरपूर.

आधी शाळेतली शर्यत झाली. पळणाऱ्यांत मीही होते. माझ्या देहयष्टीबद्दल मला तेव्हा कोणी काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या रेषेवर शाळेचा शिपाई भिकू आणि एक मुलगी पांढरं सूत ताणून उभी. शिट्टी झाली. लच्चव्वा अशी गेली की तिच्या परकराचा वारा तेवढा आम्हाला लागला. ती सुतापर्यंत पोचली आणि खाडकन थांबली. दोन बोटांच्या चिमटीत तिनं ते सूत अलगद उचललं, वाकून खालून पलीकडे गेली, आणि मागून येणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठी ते तसंच वर उचलून धरून उभी राहिली. लग्नघरातली यजमानीण पडदा बाजूला धरते, तशी. आम्ही ओळीनं खालून गेलो. मी पाचवी होते, पण सूत अखंड पाहून मला क्षणभर वाटलं की पहिली मीच.

बर्वेबाईंची शिट्टी तोंडातच राहिली. भिकू म्हणाला, "आता काय करायचं वो बाई? ही पोर सूत तोडतच न्हाई. उलट मलाच म्हनती, नीट धर, गुंता हुईल."

"लक्ष्मी! सूत छातीवर घेऊन तोडायचं असतं!"

"का तोडायचं?"

बाई म्हणाल्या, "जिल्ह्याला असं केलंस तर पंच तुला बाद करतील. मग पुणं विसर."

मॅनेजर कामाला लागली. आईच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ पळवून मी आमच्या बोळात दोरा ताणला आणि तो कसा तोडायचा हे स्वतः पळून दाखवलं. एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं, मग मला त्यात मजाच यायला लागली. लच्चव्वा माझ्यामागून तुकडे गोळा करत होती. ते सगळे जोडून तिनं माझ्या हातात ठेवले. गाठी बोटाला लागत नव्हत्या.

"तुजी आई तुला मारत न्हाई?" तिनं विचारलं.

रात्री आईनं मारलं.

शेवटी मी तिच्या वडिलांनाच समजावायचं ठरवलं. रविवारी सकाळी तोफखान्यात गेले तर गल्लीच्या दोन टोकांना खुंट्या ठोकलेल्या, आणि लच्चव्वा हातात सूत घेऊन या खुंटीवरून त्या खुंटीवर पळतेय. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, असा गल्लीत फिरवून तयार करत. खुंटीला वळसा, माघारी. पुन्हा वळसा, पुन्हा माघारी. तिच्या साऱ्या चमत्कारांचा कारखाना माझ्यासमोर होता.

"हे पळत करायचं असतं?" मी विचारलं.

"न्हाई. चालत." ती वळसा घेऊन गेली आणि परत आल्यावर वाक्य पुरं केलं, "दोघी लागत्यात. एक हिकडून, एक तिकडून. आता मी एकटीच हाय, म्हनून पळती."

दुसरी कोण, हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही. माझ्या मनात भाषण होतं. मी आत जाऊन ते केलं. तिचे वडील, ती त्यांना नायना म्हणे, मागावर बसले होते. मी देशापासून सुरुवात केली, स्त्रीजातीवर आले, नगर जिल्ह्याच्या इभ्रतीवर शेवट केला. माग खटक-खटक चालूच होता. नायना मान खाली घालून ऐकत होते, की ऐकत नव्हते, देव जाणे. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "पानी पायजे का तुला?"

पाणी पिऊन मी मुद्द्यावर आले. "तुम्ही तिला सूत तोडू देत नाही. त्यामुळे तिचं पुणं जाणार."

माग थांबला.

"पुनं?" त्यांनी लच्चव्वाकडे पाहिलं. ती दारात उभी होती; चक्क उभी. दोघांत तेलुगूत काहीतरी झालं. फार थोडं झालं. मग ते मला म्हणाले, "सूत तुटतं, पोरी. माज्या मागावर रोज तुटतं. तुटल्याचं काय न्हाई. तुटलेलं तसंच सोडून उठायचं न्हाई, येवढंच."

"म्हणजे तोडलेलं चालेल?"

"जोडलं तर चालंल." आणि माग पुन्हा सुरू.

जिल्ह्याच्या खेळांना नेवासा, श्रीगोंदा, कुठून कुठून मुली आल्या होत्या. एक उंच, काटक मुलगी पाहून मी सूचना दुप्पट केल्या. लच्चव्वानं मात्र माझ्या डब्यातली पोळी शर्यतीच्या तोंडावर खाल्ली. शिट्टी झाली. अर्ध्यापर्यंत ती उंच मुलगी बरोबरीनं होती. मग लच्चव्वानं गल्लीतली सकाळची घाई काढली. सुताशी आल्यावर तिनं डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं आणि कडू औषध एका घोटात घ्यावं तशी त्यातून पार झाली.

पंचांनी टाळ्या वाजवल्या. मी तर उड्या मारत होते आणि जमीन ते सहन करत होती. एवढ्यात लच्चव्वा वळली, मागे आली, आणि मैदानाच्या मधोमध मांडी घालून सुताची दोन्ही टोकं जोडायला बसली. पुढच्या शर्यतीच्या मुली रेषेवर वाकून तयार. पंच ओरडतायत, "ए मुली, ऊठ! बाजूला हो!" ही मान वर न करता म्हणते, "आगु, आगु." म्हणजे थांबा. एक पंच तिला उचलायला निघाले तर आमच्याबरोबर आलेला भिकू आडवा आला. "ऱ्हाऊ द्या, सायेब. लई वेळ न्हाई लागनार. तिचा बाप बी असाच, तुटलेलं सोडत न्हाई." गाठ झाली, लच्चव्वा उठली. "ऐपाये!" आणि मग शर्यती सुरू झाल्या.

त्यानंतर ती आणखी दोन वर्षं पळाली आणि आसपास तिला कोणी गाठू शकलं नाही. बहुतेक ठिकाणी एक शर्यत खोळंबायचीच. पंचांना सवय झाली; एक तर सुताचं टोक मुद्दाम लांब सोडायचे, म्हणजे पोरीला गाठ मारायला बरं. मग तिचं लग्न झालं, ती सोलापूरला गेली, आणि तिथल्या गल्लीत सुनेनं असं पळावं का यावरून सासूशी तिचं वर्षभर वाजलं. शेवटी सासू थकली. पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या वर्षीच्या पुण्याचं.

एकट्या मुलीला परगावी कसं न्यायचं म्हणून बर्वेबाईंनी सोबतीला मला घेतलं. दौंडला गाडी बदलताना मी लच्चव्वाला कप कसा स्वीकारायचा ते शिकवलं: आधी उजवा हात, मग किंचित हसू, मग नमस्कार. ती खिडकीबाहेर बघत होती.

पुण्याच्या मैदानावर चारी बाजूंनी दोर बांधलेला आणि दोराबाहेर ही गर्दी. शर्यत सुरू होईपर्यंत लच्चव्वा त्या गर्दीवरून नजर फिरवत होती. मला वाटलं, घाबरली. मी धीर दिला. तिनं तो घेतला नाही.

ती पहिली आली. सूत तोडलं आणि थांबलीच नाही. मी ओरडले, "लच्चव्वे, गाठ! गाठ मारायची राहिली!" ती वळली नाही. सरळ मैदान ओलांडून, दोराखालून घुसून ती एका लिंबाच्या झाडाशी गेली. तिथं एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. लच्चव्वानं आधी त्या बाईच्या दंडावर फाडफाड चापट्या मारल्या. मग तिच्या गळ्यात पडली. बर्वेबाई शिट्टी फुंकत राहिल्या.

बक्षिसाला नाव पुकारलं तेव्हा ती झाडाखाली बसून त्या मुलाच्या पायाची बोटं मोजत होती. नगरची अब्रू जाऊ नये म्हणून मी गेले. उजवा हात, किंचित हसू, नमस्कार, सगळं यथासांग. पाहुण्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि फार सभ्य गृहस्थ होते म्हणून म्हणाले, "दिसत नाही हो अंगात इतकी चपळाई!" मी लाजले. लाजायचं कारण वेगळं असायला हवं होतं, पण त्या वेळी मला ते खरंच माझंच कौतुक वाटलं.

परतीच्या गाडीत मी तिला झापायला सुरुवात केली. कपाचा अपमान, बाईंचा अपमान. ती म्हणाली, "अक्का हाय माजी. राजव्वा." अक्का म्हणजे मोठी बहीण. तिनं पुण्याच्या एका शिंप्याशी परभारे लग्न केलं होतं. तेव्हापासून नायना तिचं नाव घेत नव्हते आणि घरात कोणाला घेऊ देत नव्हते. पुण्याहून सूत आणणाऱ्या माणसाबरोबर लच्चव्वानं गुपचूप निरोप धाडला होता, अमक्या दिवशी मैदानावर ये.

"आणि तू हरली असतीस तर? नगरलाच?"

"म्हनून तर पळाले," ती म्हणाली. मग म्हणाली, "कप तू ठेव, पिल्ला. नायनाला सांगू नको."

नगर स्टेशनवर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. नायना फलाटावर उभे होते. अंगात धुतलेला सदरा. मी कप पुढे धरला, बर्वेबाईंनी घसा साफ केला. नायनांनी कपाकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. लच्चव्वासमोर येऊन, खाली मान घालून, त्यांनी हळूच विचारलं, "अक्क एट्लुंदि?"

एवढं तेलुगू मला येत होतं. अक्का कशी आहे?

लच्चव्वानं दोन्ही तळवे समोर धरून त्यांच्यामध्ये जागा ठेवली, मूल एवढं आहे म्हणून. नायना त्या जागेकडे बघत राहिले.

"इंतेना?" त्यांनी विचारलं. एवढंच?

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तळवे आणखी थोडे लांब नेले.