व्हर्लिन आत्ता कुठे आहे?

सामन्याची वेळ झाली, की व्हर्लिन हॉगन कानटोपी घालून घराबाहेर पडायचा, तो सामना संपेपर्यंत घरी फिरकायचा नाही. आयोवातला फेब्रुवारी म्हणजे धडधाकट माणूसही कुत्र्याला बाहेर न्यायला का-कू करतो, आणि हा सत्तरी गाठलेला म्हातारा किराणा दुकानात गोठवलेल्या वाटाण्यांच्या कपाटासमोर उभा राहून पाकिटांवरचा मजकूर वाचत असायचा. वाटाण्याच्या पाकिटावर वाचण्यासारखं असं असतं तरी काय? जेवढं होतं तेवढं त्यानं वाचून संपवलं होतं. आता तो मक्याकडे वळला होता.

गुन्हा काय, तर त्याचा पाय पांढरा होता. निदान एल्डन फॉल्स गावाचं तसं ठाम मत होतं. गावात एक विद्यापीठ, विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉलचा संघ, त्या संघाचं नाव बगळे, आणि गावातली लग्नं, बारशी, दाताची दुखणी वगैरे सगळं या बगळ्यांच्या दोन सामन्यांमधल्या फटीत उरकायचं, अशी तिथली रीत. सामना नसेल तेव्हा लोक सामन्याबद्दल बोलायचे. त्यासाठी वेबसाइटवर एक कट्टा होता. प्रशिक्षक बाईंचं काय चुकतं, कोणती पोर दमली आहे, पुढच्या वर्षी कुठली पोर विद्यापीठात येणार आहे, याचा खल तिथे अहोरात्र चाले. कट्टा चालवायचा डेल प्रोचास्का. त्याचं टायरचं दुकान होतं, पण टायर बदलणं हा त्याचा जोडधंदा म्हणायचा.

व्हर्लिनची नात ब्रिटा या संघात होती. म्हणजे संघाच्या फोटोत होती आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर होती. प्रशिक्षक बाई तिला कोर्टवर सोडायच्या, ते सामना खिशात पडल्यावर. वीस-पंचवीस गुणांची आघाडी झाली, की मुख्य पोरी विश्रांतीला यायच्या आणि ब्रिटासारख्या पोरींना शेवटची चार मिनिटं मिळायची. हे तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या व्हर्लिनला आता आयुष्याकडून फार काही नको होतं. नातीला एकदा, फक्त एकदा, खेळताना बघायचं होतं.

आता नशीब बघा. तो हॉलमध्ये बसला, की सामना हमखास अटीतटीचा व्हायचा. कधी बगळे हरायचे, कधी कसेबसे जिंकायचे, आणि ब्रिटा बाकावर बसून टाळ्या वाजवायची. जानेवारीत एकदा मध्यंतराला आर्डिसचा, म्हणजे बायकोचा फोन आला, की घर तापवायची भट्टी विझली आहे आणि नळ गोठायच्या आत ये. तो घरी धावला. तिकडे पोरींच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्यांनी समोरच्यांना तीस गुणांनी धुतलं. ब्रिटा चार मिनिटं खेळली. व्हर्लिन त्या वेळी तळघरात उकिडवा बसून भट्टीत काडी घालत होता. पुढच्या सामन्याला त्याला ताप आला. पुन्हा मोठा विजय, पुन्हा ब्रिटा कोर्टवर.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच म्हणून त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण तापात पडल्यापडल्या त्याला विनोद सुचला. त्यानं कट्ट्यावर लिहिलं, की मी घरी राहिलो की आपण जिंकतो, तेव्हा माझा पुतळा उभारा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत लोकांनी मागच्या चार वर्षांच्या पराभवांचे फोटो धुंडाळले आणि जवळजवळ प्रत्येकात, तिसऱ्या रांगेत, व्हर्लिनची कानटोपी सापडली. तो दर सामन्याला यायचा, तेव्हा विजयाच्या फोटोंतही ती सापडली असती. पण ते कोण बघतो?

तिकडची माणसं भली. तोंडावर कुणी कुणाला 'येऊ नको' म्हणणार नाही. डेल प्रोचास्का दुसऱ्या दिवशी नूडल्स आणि चीजचं भलंमोठं भांडं घेऊन दारात उभा राहिला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, गुडघ्यांची चौकशी झाली, आणि निघताना पायपुसण्याकडे बघत तो म्हणाला, "गुरुवारी हवा छान आहे म्हणतात. फिरायला जायला बरी."

गुरुवारी उणे अठरा होतं. गुरुवारी सामनाही होता.

मग रांगच लागली. शेजारीण ॲपल पाय भाजून घेऊन आली, चर्चमधल्या बायकांनी बटाट्याचं काहीतरी आणलं. सामन्याचं नाव कुणीच काढलं नाही, पण खाल्ल्या चीजला जागणं आलंच. आर्डिसचा असल्या खुळचटपणावर काडीचा विश्वास नव्हता. "मेले सगळे वेडे आहेत," असं म्हणत ती सामन्याआधी त्याच्या हातात कानटोपी द्यायची आणि तो गेला, की रेडिओ लावायची. सामना त्याच्या कानावरही पडायचा नाही, असं आता ठरूनच गेलं होतं.

बगळे जिंकतच सुटले. किराणा दुकानात व्हर्लिन शिरला, की गल्ल्यावरची मुलगी मुकाट्यानं रेडिओ बंद करायची. कट्ट्यावर 'व्हर्लिन आत्ता कुठे आहे?' अशी एक वेगळी चर्चाच उघडली गेली. कुणीतरी कपाटाआडून त्याचा फोटो काढून टाकायचं, 'भाज्यांपाशी आहे, निर्धास्त राहा.' एकदा दात दुखला म्हणून तो सामन्याच्या दिवशी दवाखान्यात गेला, तर तिथल्या बाईंनी टीव्हीवर टॉवेल टाकला आणि त्याच्याकडे बघून गोड हसल्या. दात तर काढलाच, वर सामना संपेपर्यंत खुर्चीतून उठू दिलं नाही.

सामना संपल्यावर तो घरी येऊन त्याचं चित्रीकरण बघायचा. तेवढं म्हणे गावाला चालत होतं. पण शिळ्या कढीला ऊत आणून कधी पोट भरतं? शिवाय आघाडी वाढली, की कॅमेरेवाल्याचं लक्ष उडायचं. तो कधी बॅंड दाखवायचा, कधी तोंडाला रंग फासलेली पोरं दाखवायचा. महिनाभरात व्हर्लिनला नातीची पाठ दोनदा आणि कोपर एकदा दिसलं. गाव त्याला रस्त्यात थांबवून सांगायचं, की तुझी ब्रिटा काल काय झकास खेळली. सगळ्या गावानं तिला बघितलं होतं. आजोबानं सोडून.

तो थकला होता. थंडीनं थकला होता, चीजनं थकला होता, आणि सगळ्यात जास्त गावाच्या चांगुलपणानं थकला होता. कुणी भांडलं असतं तर त्यालाही भांडता आलं असतं.

हंगामातला घरच्या कोर्टवरचा शेवटचा सामना आला. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोप असतो. सामन्याआधी एकेकीचं नाव पुकारतात आणि ती घरच्या माणसांचा हात धरून कोर्टच्या मध्यापर्यंत चालत जाते. ब्रिटाचा बाप नोकरीपायी अलास्कात अडकलेला आणि आई कधीच वेगळी झालेली, म्हणून तिनं आजीआजोबांना बोलावलं. आणि नेमका हा सामना शेजारच्या विद्यापीठाशी, जो जिंकेल त्याला अजिंक्यपद. कट्ट्यावर हाहाकार उडाला. शेवटी डेल तोडगा घेऊन आला. व्हर्लिननं ऐटीत चालावं, फोटो काढावा आणि चेंडू उडायच्या आत मागच्या दारानं निघावं. दाराशी डेलची गाडी चालू ठेवलेली असेल, हीटर लावून. व्हर्लिन हो म्हणाला. नाही म्हणायची सवयच राहिली नव्हती.

ब्रिटा मधे, एका बाजूला आर्डिस, एका बाजूला तो, असे तिघं कोर्टवर चालत गेले. हॉल तुडुंब भरला होता. टाळ्या अशा पडल्या, की त्याला वाटलं, आपल्यालाही थोड्या आहेत. होत्याच, जाणार म्हणून. ब्रिटानं त्याचा हात सोडला नाही. समोर कॅमेऱ्याकडे हसत, ओठ फारसे न हलवता ती म्हणाली, "आजोबा, आज जाऊ नका."

"अगं, हरलात तर?"

"तर हरू. चार वर्षं मी त्या बाकावरून तुमची खुर्ची बघतेय. महिनाभर ती रिकामी आहे."

फोटो झाला, आणि व्हर्लिन मागच्या दाराकडे न जाता सरळ तिसऱ्या रांगेत जाऊन आपल्या जागेवर बसला. आसपासच्या चार रांगा गप्प झाल्या. डेल वाकून त्याच्या कानाशी लागला.

"व्हर्लिन, गड्या, गाडी चालू आहे."

"बंद कर. पेट्रोल फुकट जाळू नको."

आणि मग जे झालं ते सांगायलाही जीव होत नाही. बगळ्यांचा पहिला नेम चुकला, दुसरा चुकला, तिसरा जाळीच्या जवळपासही गेला नाही. सगळ्यांत उंच पोरीचा पाय मुरगळला. दुसऱ्या दोघी एकमेकींवर आपटून पडल्या. मध्यंतराला संघ अठरा गुणांनी मागे होता, आणि हॉलमधले निम्मे लोक कोर्टकडे न बघता तिसऱ्या रांगेकडे बघत होते. रागानं कुणी बघत नव्हतं, तेवढी सभ्यता होती. दुखावल्यासारखं बघत होते. मागच्या बाईंनी पॉपकॉर्नची आख्खी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि हळूच सांगितलं, की घरी जाऊन खाल्लं तर जास्त छान लागतं.

तिसरा भाग संपत आला, तशी आर्डिसही डळमळली. तिनं बराच वेळ कळ काढली. मग फलकाकडे बघत विचारलं, "व्हर्लिन, तुला बाहेर जाऊन जरा पाणीबिणी प्यायचंय का?"

बाकीच्यांचं त्याला काही वाटलं नव्हतं, पण हे लागलं. त्यानं राखीव बाकाकडे बघितलं. ब्रिटा गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत बसली होती. हे माझ्यामुळे, असं त्याच्या मनानं घेतलं. मूर्खपणा आहे हे कळत होतं, तरी घेतलं. आपण गेलो तर कदाचित पोरी सावरतील, आघाडी घेतील, आणि हिला शेवटची चार मिनिटं तरी मिळतील. मला दिसणार नाही, न दिसो. तिला तरी खेळू दे. तो उठला. गुडघे धरत धरत पायऱ्या चढू लागला, तसा दुतर्फा लोकांनी अंग चोरून त्याला रस्ता दिला. एकानं तर पाठीवर थोपटलं.

वर दाराशी डेल उभा होता. त्यानं दार आधीच उघडून धरलं होतं.

व्हर्लिनचा एक पाय बाहेर पडला असेल नसेल, तेवढ्यात मागे भोंगा वाजला आणि ध्वनिवर्धकावरून नाव आलं, ब्रिटा हॉगन.

त्याला आधी वाटलं, भास झाला. तो वळला. फलकावर बगळे एकतीस गुणांनी मागे होते आणि शेवटची काही मिनिटं उरली होती. प्रशिक्षक बाईंनी हात टेकले होते. आता काही वाचण्यासारखं उरलं नाही, तर मुख्य पोरींची हाडं तरी पुढच्या स्पर्धेसाठी वाचवू, असा विचार करून त्यांनी सगळा राखीव बाक कोर्टवर पाठवला होता. चार वर्षांत बगळे इतके वाईट कधी हरलेच नव्हते, म्हणून हरतानाही ब्रिटाची पाळी येऊ शकते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हर्लिनच्याही नाही.

"थांब आता," डेल खचलेल्या आवाजात म्हणाला. "आता काय फरक पडतो."

लोक उठून चालले होते. त्या लोंढ्याच्या उलट व्हर्लिन पायऱ्या उतरला. तिसरी रांग ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि अगदी पुढच्या, एरवी देणगीदारांसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याला हटकायला आता कुणी उरलं नव्हतं. आर्डिसही पर्स सावरत त्याच्या शेजारी आली.

खरं सांगायचं तर ब्रिटा फारशी चांगली खेळत नव्हती. पहिलाच चेंडू तिनं समोरच्या संघाच्या हातात दिला. मग एकीला धक्का दिला आणि पंचांची माफी मागितली. पण ती धावत होती, घामानं केस कपाळाला चिकटले होते, ओरडून मैत्रिणींना जागा दाखवत होती, आणि हे सगळं व्हर्लिनला पाठीकडून नव्हे, समोरून दिसत होतं. अगदी शेवटी तिनं लांबून चेंडू फेकला. तो कड्यावर आपटला, उडाला, कड्यावरून एक फेरी मारून आला आणि आत पडला.

व्हर्लिन उभा राहिला. हॉल एवढा रिकामा होता, की त्याच्या एकट्याच्या टाळ्या चार भिंतींना लागून परत येत होत्या. जिंकलेल्या बाजूच्या पोरी माना वळवून बघू लागल्या. आर्डिस रडत होती आणि रडता रडता त्याला खाली बस म्हणत होती. तो बसला नाही.

सामना संपल्यावर ब्रिटा धापा टाकत त्यांच्यापाशी आली. डेलही तिथेच मागच्या खुर्चीत येऊन टेकला होता. हातात फोन होता, पण कट्टा उघडायचं त्याला धाडस होत नव्हतं.

"दिसलं?" ब्रिटानं विचारलं.

"दिसलं की."

"पण किती वाईट हरलो, आजोबा. अजिंक्यपद गेलं."

व्हर्लिननं फलकाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. "बरंच झालं," तो म्हणाला. "याहून थोडं कमी हरला असतात, तर पंचाईत होती."

डेलनं दचकून वर बघितलं. अख्ख्या एल्डन फॉल्समध्ये असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. आपण जणू ऐकलंच नाही असं दाखवायला तो फोन खिशात घालू लागला.

"ठेवू नको," व्हर्लिन म्हणाला. "लिही हे कट्ट्यावर. आणि खाली माझं नाव घाल."