मोहीम मागल्या चाकाच्या नटाची

श्रोत्यांनी चित्त ठिकाणी ठेवून ऐकावे. थोरांच्या लढाया पुष्कळ लिहिल्या गेल्या, कोणी गड घेतले, कोणी गड दिले, त्या सर्वांचे कागद जाहले. परंतु घरच्या गॅरेजात पालथ्या बादलीवर बसून, हातास ग्रीस आणि कपाळास घाम लावून ज्या मोहिमा मर्दांनी केल्या त्यांची दाद कोणी घेतली नाही, हे लिहिणारांस लांछन. सबब राजमान्य राजश्री ग्रंथपालसाहेब यांनी आपल्या मोटारसायकलचे मागले चाक कैसे सोडविले, इभ्रत कोठवर गेली आणि कोठून माघारी आली, ते जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता, लिहिले असे.

ग्रंथपालसाहेब म्हणजे शहरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य अधिकारी. स्वभावे शांत, बोलणे हळू, आणि पुस्तकाचे पान कोणी दुमडले तर मात्र डोळ्यांत अंगार. त्यांच्या पदरी एक काळी मोटारसायकल होती आणि तिजवर साहेबांची बहुत मर्जी. स्वारी करणे थोडे, पुसणे फार. गॅरेजाच्या भिंतीवर त्यांनी शिलेखाना मांडिला होता. पान्हे डावे अंगास, पकडी उजवे अंगास, आणि प्रत्येक हत्यारावर पुस्तकावर असतो तैसा क्रमांक चिकटविला होता. कपाळास बांधावयाचा दिवा होता, स्क्रू पळून न जावे म्हणोन चुंबकाची वाटी होती, गाडीखाली पाठीवर निजून शिरावे यासाठी चार चाकांचा पाट होता, हवा भरण्याचा पंप होता, तो सुरू जाहला की शेजारची कुत्री बिछान्याखाली शिरत. परंतु सर्वांत थोर जिन्नस म्हणजे मागले चाक अधांतरी उचलून धरणारा लोखंडी स्टँड. तो नुकताच दाखल जाहला, आणि त्यापासूनच पुढील अनर्थ उपजला.

कारण स्टँडास जागा नव्हती. गॅरेजाच्या कोपऱ्यात एक जुनी खुर्ची होती, दात काढावयाची, पाठ मागे जाणारी, हिरव्या रेक्झिनची. ती साहेबांच्या पत्नी, सौभाग्यवती दंतवैद्यबाईसाहेब, यांची. बाईसाहेबांनी दवाखाना मांडिला तेव्हा पहिला रोगी याच खुर्चीत बसला, आणि ओरडला, आणि बरा होऊन गेला. पुढे नवी खुर्ची आली तरी जुनी त्यांनी टाकली नाही. ऐसी खुर्ची ग्रंथपालसाहेबांनी, बाईसाहेब दवाखान्यात असता, न पुसता अंगणात ओढून काढिली आणि तिजवर प्लॅस्टिक घातले. वाऱ्याने प्लॅस्टिक नेले. मग कबुतरांनी जे करावयाचे ते केले. सायंकाळी बाईसाहेब आल्या, खुर्ची पाहिली, एक अक्षर न बोलता आत गेल्या, आणि त्या दिवसापासून दोन्ही दौलतींमध्ये अबोला सुरू जाहला. काही सांगणे पडले तर बाईसाहेब खिडकीतल्या कुंडीस सांगत: "काही लोकांचं जेवण ओट्यावर ठेवलंय." साहेबही कुंडीसच जबाब देत: "जेवलो." कुंडीतले रोप त्या दिवसांत बरेच वाढले ऐसे म्हणतात.

ऐसे असता बाईसाहेबांचे थोरले मेहुणे, म्हणजे साहेबांचे साडू, ज्यांस सारी भावकी पाचवा गिअर म्हणे, ते जेवावयास आले. हे साडू बसल्या जागीही वेगात असत. घास गिळण्यापूर्वी दुसरा उचलत, आणि दुसऱ्याचे वाक्य आपणच संपवीत. त्यांनी नवी मोटारसायकल घेतली होती. ते बोलिले, "रविवारी सकाळी तळ्यावर जायचं. दोन गाड्या, चौघं जण. तुमची येईल ना हो? की तुम्ही टॅक्सीनं येताय मागून?"

हा शब्द साहेबांस बाणासारखा लागला. ते चमचा खाली ठेवून म्हणाले, "येईल. आणि माझ्या गाडीचं सगळं काम मी घरीच करतो. मेकॅनिकचं तोंड बघत नाही."

बोलून चुकले. शब्द आणि सुटलेला बाण माघारी येत नाही. शनिवारी दुपारी साहेब गाडी पुसावयास गॅरेजात गेले तो मागला टायर भुईस लोळण घेऊन पडला होता, जैसा कोणी फौज पांगल्यावर सरदार पडतो. साहेबांनी हवा भरिली. हवा फुस्स म्हणोन निघोन गेली. मेकॅनिकाकडे जावे तर शब्द जातो, साडूस सांगावे तर नाक जाते, न जावे तर बायको आधीच बोलत नाही ती बहिणीच्या गाडीवर बसून जाते. तेव्हा साहेबांनी मनाशी मसलत केली आणि मोहीम ठरविली की चाकच काढावे, म्हणजे गनीम कोठे दडला ते दिसेल.

मग हातमोजे चढविले, कपाळास दिवा बांधिला, भर दुपार होती तरी तो लाविला, आणि स्टँडावर मागले चाक उचलिले. चाकाच्या मधोमध जो लोखंडी दांडा जातो त्याच्या टोकास एक नट होता. तोच किल्लेदार. साहेबांनी पान्हा लाविला आणि जोर केला. नट हलेना. गंज सोडविणारे तेल पाजले, घटकाभर वाट पाहिली, हातोडीने चार सलाम ठोकिले, तरी हलेना. मग पान्ह्यास लांब नळी जोडिली, तीवर उभे राहिले, देवाचे नाव घेतले आणि उडी मारिली. तो कडाड् ऐसा आवाज जाहला, नट ढिला जाहला, आणि साहेब बादलीत बसते जाहले. बादलीत साबणाचे पाणी होते. परंतु विजयाच्या भरात ते त्यांस उमगले नाही.

ओल्या अंगाने ते नट फिरवू लागले. फिरू लागला, गरगर फिरू लागला, बोटानेही फिरे. साहेब फिरवीत राहिले. बराच काळ गेला, मनगट दुखू लागले, तरी नट बाहेर येईना. गोल फिरे आणि जागचे जागी. साहेबांस वाटले की हा नट मायावी आहे. मग वाकून पलीकडले अंगी पाहिले तो ध्यानात आले की नटासोबत आतला दांडाच फिरतो आहे. पलीकडून दांड्याचे डोके कोणी धरून ठेवावे तेव्हा अलीकडला नट सुटावा, ऐसा त्या किल्ल्याचा बंदोबस्त. म्हणजे मोहिमेस दोन माणसे पाहिजेत. आणि साहेब तर एक.

इतक्यात फाटकाशी साडूंची गाडी गुरगुरली. पाचवा गिअर खाली उतरलेच नाहीत. हेल्मेटाची काच वर करून म्हणाले, "काय हो, चाक अजून गोल आहे ना, बघताय का? धरू का एक बाजू?"

कुमक दारात उभी होती. एक 'हो' म्हणता काम होते. परंतु साहेबांनी छाती काढून सांगितले, "छे, छे! नेहमीची देखभाल आहे. गरज नाही."

"पँट का ओली?"

"तीही देखभालच."

साडू हसत निघोन गेले. साहेब इरेस पेटले. त्यांनी निश्चय केला की एकट्यानेच दोन्ही बाजू लढवाव्या. चार चाकांच्या पाटावर उताणे निजले, गाडीखाली शिरले, उजव्या हाती एक पान्हा नटास लाविला, दुसरा पान्हा पलीकडल्या डोक्यास लावून तो डाव्या पायाने दाबिला, उजवा पाय भिंतीस टेकविला, आणि सर्व बळ एकवटून भिंतीस रेटा दिला. भिंत थोर होती, ती हलली नाही. पाट हलला. पाटाची चाके उत्तम प्रतीची, नुकतीच तेल घातलेली. साहेब पाटासकट गॅरेजाबाहेर निघाले, उतरणीवर वेग धरिला, अंगण ओलांडिले, तुळशीवृंदावनास ठोकर न बसता थोडक्यात बचावले, आणि हिरव्या खुर्चीच्या पायाशी धडकून थांबले.

खुर्चीशी बाईसाहेब उभ्या होत्या. हाती ओले फडके घेऊन कबुतरांची निशाणी पुशीत होत्या. त्यांनी खाली पाहिले. खाली एक इसम उताणा, तोंड वर, डोळे विस्फारलेले, मुठी आवळलेल्या. दिवसभर असेच चेहरे पाहण्याची सवय, जीभ आपसूक वळली आणि त्या बोलिल्या, "आ करा."

साहेबांनी आ केला.

 मग बाईसाहेबांस हसू फुटले, ते आवरेना, त्या खुर्चीच्या हातावर बसल्या आणि डोळ्यांस पदर नाही म्हणोन फडकेच लाविले, तेही कबुतरांचे. साहेब निजल्या जागीच हसू लागले. हसता हसता थांबले आणि म्हणाले, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. माझं एक जरी पुस्तक कोणी असं बाहेर टाकलं असतं, तर मी त्याचं घर उन्हात बांधलं असतं."

बाईसाहेब म्हणाल्या, "मला राग खुर्चीचा नव्हता रे. तू ती ओढत नेलीस आणि तुला एकदाही वाटलं नाही की ही कोणाची तरी आहे. याचा होता."

"आता वाटतंय. डोकं आपटलंय तिच्यावर."

तेव्हा तहाची बोलणी तेथेच जाहली, एक पक्ष उभा आणि एक पक्ष पाटावर. कलमे ठरली की खुर्ची सन्मानाने गॅरेजात परत न्यावी आणि स्टँडाने घडी होऊन भिंतीवर लटकावे. आणि उद्या तळ्यावर गाडी बाईसाहेबांनी चालवावी. हे शेवटले कलम ऐकोन साहेब चकित जाहले. लग्नापूर्वी बाईसाहेब वडिलांच्या मोटारसायकलवर कॉलेजास जात, ही गोष्ट त्यांस ठाऊक होती, परंतु जैसे न वाचलेले पुस्तक कपाटात ठाऊक असते तैसी.

"मग इतकी वर्षं मागे का बसलीस?"

"तू आधीच पुढे बसायचास. मी काय, ओढून काढू?"

सर्व कलमे मंजूर जाहली. मग बाईसाहेबांनी बाह्या सारून पलीकडले अंगी मोर्चा धरिला, पान्हा हाती घेतला, तो ऐसा धरिला की दांडा हलण्याची छाती करीना. ज्या मनगटाने शहराच्या निम्म्या अक्कलदाढा उपटल्या ते मनगट. त्यांनी हुकूम केला, "ओढू नकोस. दाबून धर आणि सावकाश. घाई केली की मूळ आत राहतं." साहेबांनी सावकाश फिरविले, आणि नट हू की चू न करता तळहातावर येऊन बसला. साखळी उतरली, दांडा निघाला, चाक मोकळे जाहले. साहेबांनी ते लेकरासारखे उराशी धरिले.

पुढे बाईसाहेबांनी बॅगेतून दात पाहण्याचा लहान आरसा आणि टोकदार सळई काढिली, टायरच्या खाचाखाचांत तपास चालविला, आणि एका खाचेत गनीम दस्त केला. चिमट्याने उपटून उजेडात धरिला तो स्क्रू. साहेबांनी ओळखिला. नवा शिलेखाना भिंतीवर ठोकताना त्यांच्याच हातून जो पडला होता, तोच. गनीम परमुलखाचा नव्हता, घरचाच फितूर निघाला. साहेब बहुत खजील जाहले. टायर बिनट्यूबचा होता. तेव्हा बाईसाहेबांनी पंक्चरच्या डबीतील चिकट वात घेऊन ती भोकात ऐसी सफाईने भरिली की जैसी दाढेत सिमेंट भरावे, आणि सवयीने टायरास म्हणाल्या, "तासभर काही खायचं नाही." मग पंप चालला, कुत्री बिछान्याखाली गेली, हवा ठरली.

हात पुसता पुसता बाईसाहेबांनी पुसले, "हे बाहेरूनच भरायचं होतं, तर चाक काढायची गरज काय होती?"

ह्यावर साहेबांनी चाक उचलिले आणि गाडीकडे चालते जाहले. चाक दोघांनी मिळून पुन्हा बसविले, आणि खुर्ची दोघांनी उचलून, न ओढता, आत नेली.

रविवारी सकाळी स्वारी निघाली. बाईसाहेब पुढे, साहेब मागे. पहिल्या वळणावर साहेबांनी डोळे मिटले, दुसऱ्यावर उघडले, आणि तिसऱ्यापासून त्यांस मौज वाटू लागली. कारण पुढे बसणारास रस्ता तेवढा दिसतो, मागे बसणारास मुलूख दिसतो. तळ्याशी साडू आधीच पोहोचले होते. त्यांनी दोघांस पाहिले आणि मोठ्याने हसले. "अरे वा! ग्रंथपाल, तुम्ही सामान म्हणून आलात का? आणि गाडी कोणी दुरुस्त केली शेवटी?"

 जबाब साहेबांचा होता. ज्यांनी भरल्या ताटावर 'मी घरीच करतो' म्हटले, त्यांनी हेल्मेट काढिले, काखेत धरिले आणि म्हणाले, "आम्ही दोघांनी. माझी एक बाजू होती, दुसरी हिची. आणि बिघडवली मी एकट्यानं."

पाचवा गिअर हातातील किल्ली बोटावर फिरवू लागले. त्यांच्या पत्नी, म्हणजे बाईसाहेबांच्या ताई, नवऱ्याच्या हातातील किल्लीकडे पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "अहो, परत जाताना मी चालवू का?"

मग साहेब रुमाल काढावयास खिशात हात घालिते जाहले, तो रुमालासोबत एक वॉशर बाहेर आला. गोल, चकचकीत, निरपराध. दोघे गाडीभोवती फिरले, वाकले, दांडा पाहिला, नट पाहिला, चाक हलवून पाहिले. सर्व घट्ट, सर्व जागचे जागी; वॉशरास कोठेच जागा दिसेना. साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

बाईसाहेबांनी वॉशर उन्हात धरून पाहिला आणि फैसला दिला, "राहू दे. अक्कलदाढ काढल्यावर कुठे कोणाचं काय अडतं?"

येणेप्रमाणे मागले चाक सुटले, बसले आणि चालले, अबोला उठला, तळे सर जाहले. आपल्या पक्षाकडील नुकसान: पँट एक, फडके एक. लूट: वॉशर एक. फत्ते उभयतांची. बहुत काय लिहिणे, परत येताना गाडी हळू चालविली.