एवारिस्तो महाराजांनी पासवर्डांचा किल्लेदार बदलला त्याची हकिकत

राजमान्य राजश्री एवारिस्तो लारान्यागा उम्पिएरेस, मुक्काम मोंतेविदेओ, ग्रंथालयाच्या चाकरीतून निवृत्त, यांस साल्तो शहराहून आमेलिया बालपार्दा या जुन्या स्नेही बाईंचे पत्र मेलने आले की, आपण अद्याप एकटेच असाल तर मी तिकडे राहावयास येते, नाहीतर महिनाअखेर मुलीकडे कायमची जाते. त्यास महाराजांनी जबाब दिला नाही. मसुदे पुष्कळ केले, पसंत एकही पडला नाही. सेवकाची माहिती ऐकीव आहे, तपशील चुकल्यास सुज्ञांनी सांभाळून घ्यावे.

इतक्यात घात जाहला. महाराजांचे तमाम पासवर्ड ज्या ॲपच्या हवाली होते, त्या जुन्या किल्लेदाराने फर्मान काढिले की, महिनाअखेर गड मोडीत निघेल, रयतेने ऐवज हलवावा. आणि त्याच सुमारास मेलने महाराजांस बाहेर काढून दरवाजा लाविला, आणि मेलची किल्ली जुन्या गडात, आणि गडाचा मुख्य पासवर्ड विस्मरणात. मग नवा किल्लेदार मुकर्रर केला, येर्बा नामक पाल्याचा कडू काढा तुंब्यात भरिला, आणि थोरल्या भगिनी नेलिदाबाई यांसमवेत महाराज मोहिमेस निघाले, ते स्वयंपाकघरातील मेजापर्यंत.

मुख्य पासवर्ड विसरल्याचे कळविताच जुन्या गडाच्या दारी सवाल जाहला की, आईचे माहेरचे आडनाव काय. आता त्या मुलुखात आईचे आडनाव प्रत्येकाच्या नावाअखेर लागते, महाराजांचे तर दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेले. सबब पूर्वी त्यांनी मोठ्या मुत्सद्देगिरीने खोटेच आडनाव दाखल केले होते, आणि कोणते, ते विसरले होते. मग खाटकाचे दिले, नामंजूर. दंतवैद्याचे दिले, नामंजूर. नावडत्या संघाच्या गोलरक्षकाचे दिले, तेही नामंजूर. गडाने ताकीद दिली की, आता एकच संधी, मग दरवाजा कायमचा बंद.

नेलिदाबाईंनी तुंबा पुढे केला. "अरे, खोटं बोलताना तुला कुणाचं नाव सुचलं असेल?"

"आठवत नाही, ताई."

"मग कान कशाला लाल झाले? बालपार्दा टाक."

"तिचं कशाला असेल?"

"टाक म्हणते ना. जन्मभर तोंडातून निघालं नाही, कुठंतरी लिहिलं असशीलच."

महाराजांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि अक्षरे टंकिली. दरवाजा उघडला.

मग वीजबिल, पेन्शन, बुद्धिबळ मंडळ आणि दिवंगत मांजराचा दवाखाना, ऐसा सारा ऐवज नव्या गडी सुखरूप दाखल जाहला. नव्या किल्लेदारानेही तोच सवाल केला. त्यास महाराजांनी खाटकाचे आडनाव दिले, कारण बालपार्दा हे यापुढे गुप्त राहणारे नव्हते.

येणेप्रमाणे जुना गड रिकामा करून, नव्यावर निशाण चढवून, महाराजांनी मेल उघडली आणि मसुदा न करिता साल्तोस जबाब रवाना केला. मजकूर इतकाच की, "या. दारावरच्या पाटीवर तुमच्या आडनावापुरती जागा आहे."