'ब' गटाची शिकवणी

नानांना कशाचीच भीती वाटत नाही, हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण नाना ते रोज सांगत. कुलपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं ते एकाच बाकावर बसून कुलपं जोडत होते. तीन साहेब आले, तीन साहेब गेले, नाना बाकावरच! निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "मला हात लावायची कुणाची टाप नाही," असं रविवारी संध्याकाळी त्यांनी नातीला सांगितलं, आणि सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर यादी लागली.

यादी साधीच होती. जोडणी विभागातल्या चोवीस जणांचे दोन गट केले होते. वर लिहिलं होतं, 'गट अ : यांना प्रशिक्षण देण्यात येईल.' खाली लिहिलं होतं, 'गट ब : यांना प्रशिक्षण देण्यात येणार नाही.' ब गटात पहिलंच नाव नानांचं. तळाशी साहेबांची सही.

नानांनी यादी तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. नाव हललं नव्हतं.

महिनाभरापूर्वी कारखान्यात एक मुलगी आली होती. मनुष्यबळ विकास हा तिच्या संशोधनाचा विषय. माणूस कामावर कसा शिकतो, आणि शिकवल्याने त्याचं काम खरंच सुधारतं का, हे तिला शोधून काढायचं होतं. दिवसभर ती बाकांमागे उभी राही आणि शंभरातली किती कुलपं किल्लीने उघडत नाहीत, म्हणजे बाद होतात, ते एका जाड निळ्या वहीत लिही. सगळे तिला वहीवाली म्हणत, अर्थात ती लांब असताना.

"आपल्याला शिकवणार का नाहीत?" नानांनी ब गटातल्या थोरल्या बाईंना विचारलं. थोरल्या बाई शांतपणे स्प्रिंगा वेचत होत्या. "जे रोप उपटायचंय त्याला पाणी कोण घालतं?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा स्प्रिंगा वेचू लागल्या.

म्हणजे ब गटाला कामावरून काढणार, हे नानांनी ओळखलं. त्या दिवशी त्यांची शंभरात सतरा कुलपं बाद झाली. प्रत्येक कुलपामागे वहीवालीचं पेन कुरकुरे, आणि तो आवाज नानांना घरात उंदीर शिरल्यासारखा ऐकू येई. संध्याकाळी घराच्या दारासमोर ते किल्ली घेऊन पाच मिनिटं उभे होते. कुलूप काही उघडेना. शेवटी जिन्यातून नात आली आणि म्हणाली, "आजोबा, ही माझ्या सायकलची किल्ली आहे."

उपाय एकच होता. अ गटाला जे सहा पाठ मिळणार होते ते कसंही करून मिळवायचे आणि ब गटाने चोरून शिकायचे. म्हणजे 'हे कामाचे नाहीत' असं म्हणायला साहेबांना जागाच उरणार नाही. बेत चोख होता. अडचण एवढीच होती की अ गटात नानांना ओळखीचा असा एकच माणूस होता, आणि तो त्यांचा मेहुणा होता.

मेहुण्याशी नाना चार वर्षं बोलत नव्हते. कारण होती एक शिडी. मेहुण्याच्या मते ती त्याची होती आणि नानांनी नेऊन परत दिली नव्हती. नानांच्या मते ती मुळात नानांचीच होती. मंगळवारी संध्याकाळी नाना त्याच्या दारात उभे राहिले तेव्हा मेहुण्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग अगदी गोड आवाजात विचारलं,

"शिडी कुणाची, भावोजी?"

नानांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. डोळ्यांसमोर साहेबांची सही आली.

"तुझी," ते म्हणाले.

पहिला पाठ शिडीला पडला. दुसऱ्या पाठाला ड्रिल मशीन गेलं. चौथ्याला पान्ह्यांचा डबा, पाचव्याला पाण्याची लांब नळी, सहाव्याला गॅलरीतली घडीची खुर्ची. तिसऱ्या पाठाला काहीच गेलं नाही, कारण तिसऱ्या पाठात मेहुणा झोपला होता. "पंखा बरोबर डोक्यावर होता हो," एवढंच तो सांगू शकला.

रोज जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोक्यांच्या ढिगाऱ्यामागे ब गटाचे बाराही जण जमू लागले. एक जण दाराशी पहारा देई. वहीवाली दिसली की त्याने शिंकायचं, असं ठरलं होतं. बिचाऱ्याला खोक्यांच्या धुळीने खरीच शिंक येई, आणि मग बाकीची अकरा माणसं डबे छातीशी धरून श्वास रोखून बसत.

मेहुणा सांगायचा अर्धंमुर्धं. उरलेलं नाना भरून काढत. नातीला अपूर्णांक शिकवताना त्यांना एक गोष्ट कळली होती, की आपण सांगितलं म्हणजे समोरच्याला आलं असं नसतं. त्याने उलट आपल्याला समजावून सांगितलं, तर आलं. तीच रीत त्यांनी इथे लावली. भाग डावीकडून उजवीकडे, बसवायच्या क्रमाने मांडायचे, हा पहिला पाठ. आपली चूक ट्रेमध्ये दडवायची नाही, शेजाऱ्याला दाखवायची, हा दुसरा. तिसरा पाठ कुणालाच माहीत नव्हता, पण वगळायची हिंमत होत नव्हती. म्हणून नानांनी तो स्वतःच रचला : डोळे मिटून कुलूप जोडायचं. भीतीने हात थरथरतात ते डोळ्यांमुळे, असा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. डोळे मिटले की वही दिसत नाही!

तीन आठवड्यांत अ गटाची शंभरात चार कुलपं बाद होऊ लागली. ब गटाची तीन.

वहीवालीने पुन्हा मोजलं. मग ती ब गटाच्या अगदी मागे येऊन उभी राहिली. बाराही जणांनी घाबरून डोळे मिटले. त्या दिवशी दोनच कुलपं बाद झाली.

नाना खूश व्हायला हवे होते. पण वहीवालीचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला, आणि नानांना वाटलं, आता कुणाला काढावं हे तिला ठरवता येत नाहीये, म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच काढणार. त्यांची झोप उडाली ती उडालीच.

गुरुवारी ते घरी आले तेव्हा नात खिडकीत रडत बसली होती. समोर दोन कुंड्या होत्या. शाळेच्या प्रयोगासाठी तिने दोन सारखी रोपं लावली होती, एकाला रोज पाणी आणि दुसऱ्याला आठवडाभर अजिबात नाही. पण आजीला दुसऱ्या रोपाची दया आली आणि ती गुपचूप त्याला पाणी घालत राहिली.

"दोन्ही सारखीच वाढली," नात मुसमुसत म्हणाली. "आता मी काय लिहू? पाण्याने काही फरक पडत नाही असं?"

"पण ते दुसरं तू मारणारच होतीस ना?"

"मारणार कशाला, आजोबा? ते नुसतं शेजारी ठेवून बघायला होतं. नाहीतर पहिलं पाण्यामुळेच वाढलं हे कळणार कसं? आठवड्यानंतर त्यालाही पाणी देणारच होते मी."

नाना खाली बसायला गेले. घडीची खुर्ची मेहुण्याकडे असल्यामुळे ते सरळ जमिनीवर बसले, आणि तिथे बसल्या बसल्या त्यांना सगळं समजलं. ब गट म्हणजे दुसरी कुंडी होती. आणि आजी म्हणजे ते स्वतः होते.

शुक्रवारी सकाळी ते साहेबांच्या खोलीबाहेर उभे राहिले. आत वहीवाली खाली मान घालून बसली होती. साहेब चहा पीत सांगत होते की निष्कर्ष अगदी स्वच्छ आहे, प्रशिक्षणाने काडीचा फरक पडत नाही, तेव्हा प्रशिक्षणाच्या खोलीत आता खोकी ठेवता येतील. निष्कर्षाखाली सही करायला मुलीने पेन उघडलं. तीन वर्षांचं तिचं काम त्या एका सहीने बुडणार होतं. नाना मागे फिरणार होते, पण दार ढकललं गेलं होतं.

"साहेब, आम्ही चोरी केली," नाना म्हणाले.

साहेबांचा कप बशीवर आदळला. "किती कुलपं?"

"कुलपं नाही. पाठ."

मग त्यांनी सगळं सांगितलं, खोकी, शिंका, मेहुणा, सगळं. शिडीचं तेवढं सांगितलं नाही. वहीवाली आधी ऐकत होती, मग लिहू लागली, मग लिहायची थांबली.

"डोळे मिटून? तिसऱ्या पाठात असं काही नाहीये."

"तो माझा आहे," नाना ओशाळून म्हणाले.

"पण चोरून का शिकलात? कामावरून कुणालाही काढणार नाहीत, नंतर ब गटालाही शिकवणार आहेत, हे मी दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की."

"कुठलं दुसरं पान?"

तिघांचीही नजर हळूहळू टेबलावर गेली. साहेबांनी कपबशी उचलली. खाली दुसरं पान होतं, महिनाभराच्या चहाच्या गोल डागांसकट. बोर्डावर टाचणी एकच शिल्लक होती, असं साहेब पुटपुटले.

नानांना कुणी काढलं नाही. उलट वहीवालीने त्यांच्याकडून तिसरा पाठ दोनदा करून घेतला आणि नवं प्रकरण लिहायला घेतलं. प्रयोग आता दुसऱ्या कारखान्यात पहिल्यापासून करावा लागणार होता. पण नोंदीसाठी इथलीही काही कुलपं तिला हवी होती, अजिबात न शिकलेल्या हाताने जोडलेली. असा हात सापडेना. पाठ खोक्यांमागून सगळीकडे पसरले होते. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा किल्ल्या डावीकडून उजवीकडे मांडत होता. कारखान्यात अजिबात न शिकलेला माणूस एकच उरला होता. तिने नवी यादी केली, साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली, आणि दोन्ही पानं लावायचं काम नानांकडे आलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या ढिगाऱ्यामागे कुणीतरी खाकरलं. साहेब होते. कपाळावर घाम होता, आणि ते इकडेतिकडे बघत होते.

"नाना, नोकरीशी याचा संबंध नाही हे मला माहीत आहे," ते कुजबुजले. "पण ब गटात एकटं माझंच नाव आहे. आणि वरच्या ऑफिसातले लोक परवा बोर्डासमोर उभे राहणार. ते दुसरं पान कुठे आहे?"

बोर्डावर टाचणी अजून एकच होती. दुसरं पान नानांच्या खिशात चार घड्या करून ठेवलेलं होतं. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि क्षणभर विचार केला. चूक दडवायची नाही, शेजाऱ्याला दाखवायची, हा दुसरा पाठ त्यांनीच बारा जणांना शिकवला होता.

"साहेब," नाना हळूच म्हणाले, "तुमच्या घरी शिडी आहे का?"