विषयांतरमुक्त वर्ग

नेकनूरजवळच्या एका शाळेत अभिमन्यू सरांना दहावीची ऑनलाइन चर्चा घ्यायची होती आणि ती विषयाला धरूनच व्हायची होती. तसं परिपत्रकच होतं. विषयाबाहेर बोलणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण करावी, तीन खुणा होताच त्यास वर्गातून काढावे, व तास संपताच 'विषयनिष्ठतेची टक्केवारी' वर कळवावी. टक्केवारी नव्वदच्या खाली गेली की शिक्षकाने लेखी खुलासा द्यायचा. सरांनी जन्मात देवाला मानलं नसेल एवढं परिपत्रकाला मानलं.

आजचा विषय 'हंगामी स्थलांतर : कारणे व परिणाम'. पस्तीसपैकी एकवीस पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, फडावरूनच फोन लावून बसलेली. विषय अगदी घरचाच म्हणा ना!

"सर, मी सुकन्या. आमी फडावर हाव. माझा परीक्षेचा फॉर्म तुमच्याकडंच राहिलाय. आज पाचला मुदत संपती. तेवढा भरा ना सर."

सरांनी टेबलाकडे पाहिलं. फॉर्म समोरच पडला होता. भरायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. पण पडद्याच्या कोपऱ्यात निरीक्षक विजयमाला मॅडम बसल्या होत्या.

"परीक्षा हा आजचा विषय नाही," सर म्हणाले आणि पहिली खूण केली. "स्थलांतराचं कारण सांग."

"गावात काम न्हाई, सर. म्हणून तर सगळे..."

"पुस्तकात 'रोजगाराचा अभाव' आहे." दुसरी खूण.

"आणि परिणाम?" मॅडमनी विचारलं.

"परिणाम म्हंजे हेच की मॅडम! माझा फॉर्म राहिला!"

"व्यक्तिगत उदाहरण," मॅडम म्हणाल्या. "तिसरी करा, सर."

सुकन्या गेली. "सर, तिला का म्हून काढलं?" फडावरच्याच भारतनं विचारलं. तेही विषयाबाहेरच होतं. तीन खुणा होऊन तो गेला, त्याची बाजू घेणारे गेले, त्यांची बाजू घेणारेही गेले. फडावरची एकवीसच्या एकवीस पोरं बाहेर पडली. उरलेली चौदा घरात बसून मुकाट ऐकत होती, आणि मौन हे विषयांतर नव्हे, असा स्पष्ट खुलासा परिपत्रकात होता. काढलेल्यांची वाक्यं मोजायची नव्हती. टक्केवारी भरली शंभर!

तास संपला साडेचारला. सरांनी झटकन फॉर्म हातात घेतला, पण पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "आधी अहवाल." अहवाल गेला, त्याला फोटो जोडले, फोटोंना दाखला जोडला. पाच वाजून सात मिनिटांनी सरांनी संकेतस्थळ उघडलं तर ते बंद. त्यांना खरोखर रडू आलं. पोरीचं अख्खं वर्ष गेलं, तेही त्यांच्या टेबलावर.

महिन्याभरानं बीडला त्या शंभर टक्क्यांबद्दल सरांचा सत्कार झाला. भाषणात त्यांनी कसंबसं सगळं सांगून टाकलं. फडावरची सुकन्या, तिचा फॉर्म, ती सात मिनिटं. सभागृहात तीनशे शिक्षक होते. दोघातिघांनी घड्याळं पाहिली. मग अध्यक्ष म्हणाले, "सर भावनाप्रधान आहेत," आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तुम्हाला संताप आला ना? येऊ द्या. पण तुम्ही तिथं असतात, तर उठून "त्या पोरीचं आता काय करायचं?" असं विचारलं असतंत? छे हो. पंगत बसायची वेळ झाली होती.